घोड्याच्या अलिंदाचे काप: भर पावसाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, सकाळ

तुफान नावाचा घोडा पहाटे गेला. आतड्याला पीळ पडला होता आणि कुठे हलवण्याच्या अवस्थेत तो नव्हता. १९ वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, खच्ची केलेला थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा. शर्यतीतून निवृत्त होऊन गोव्यात आला आणि शिकाऊ स्वारांना पाठीवर घेऊन फिरू लागला. आमच्या डिचोली-सत्तरीत घोडा म्हटलं की लोकांना शिगम्यातली घोडेमोडणी आठवते, कमरेला बांधलेला लाकडी घोडा. खरा घोडा माझ्या दवाखान्याच्या वाट्याला क्वचितच येतो, त्यामुळे हा केस मी जपून ठेवला होता.

गेल्या वर्षी तो लवकर दमतो म्हणून मला बोलावलं होतं. ईसीजी बेस-एपेक्स पद्धतीने काढला: एक चिमटा उजवीकडे मानेच्या शिरेच्या खाचेत, दुसरा डाव्या कोपराच्या मागे, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर. पी लहर (अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, आकुंचनाची खूण) कुठेच नाही, तिच्या जागी बारीक थरथर. क्यूआरएस (निलयाच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, ठोक्याची खूण) व्यवस्थित, पण दोन ठोक्यांमधलं अंतर वाटेल तसं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंद नीट आकुंचन न पावता नुसतं थरथरतं. उभ्या जागी मिनिटाला ४४ ठोके, म्हणजे घोड्याच्या २८ ते ४४ या पट्ट्याची वरची कड. शिवाय डाव्या बाजूला मायट्रल झडपेची (डावं अलिंद आणि डावं निलय यांमधली) मोठी मर्मर, म्हणजे झडप गळत असल्याचा आवाज.

ज्यांनी घोड्याची छाती फारशी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी: घोड्याचा ठोका मधूनच गळतो, आणि पुष्कळदा त्यात काहीही वावगं नसतं. ईसीजीत पी लहर असते, मागून क्यूआरएस येत नाही, इतकंच. घोडा दुडक्या चालीने पळवला की ठोके सरळ होतात. तुफानचे झाले नव्हते.

अलिंदाच्या स्नायूतल्या व्रणांनी ताल बिघडला का हे बघायला हृदय काढून घेऊ का, असं मी मालकांना विचारलं. बाब थोडा वेळ गप्प राहिले. "डॉक्टर, बघायचं ते बघा. मला मात्र दाखवू नका." कागदावर सही घेतली. सही घ्याच. मागाहून घरातलं कोणी विचारू शकतं.

१४ जून, दुपार ते रात्र

सुरी लावण्याआधी नाकातला स्राव, कातडीखालच्या गाठी, पायांवरचे फुटलेले फोड तपासले. यातलं काही दिसलं तर तिथेच थांबायचं. ग्लँडर्स माणसाला होतो, आणि तो सरकारला कळवायचाच रोग आहे. इथे काही नव्हतं. तरी दुहेरी हातमोजे आणि तोंडावर शील्ड होतीच.

बर्फ मासळीवाल्यांच्या कारखान्यातून आणला. हृदय थेट बर्फात टाकायचं नाही, गोठलेल्या स्नायूत स्फटिकांची भोकं पडतात आणि पुढे स्लाइडवर तीच रोगासारखी दिसतात. प्लास्टिकची पिशवी, खालीवर ओलं गोणपाट, मग बर्फ.

उघडताना रक्ताच्या वाटेने जायचं: महाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसधमनी, आणि मग डावी बाजू. आत पिवळट, लवचिक गुठळ्या निघाल्या. घोड्याच्या तांबड्या पेशी झपाट्याने खाली बसतात, त्यामुळे मेल्यावर अशा गुठळ्या होतात. तो रोग नव्हे. महाधमनीच्या मुळाशी सुरी करकरली तेव्हा दिवा धरून उभा असलेला मोतद्दार दचकला. घोड्याला तिथे कूर्चा असते, वय झालं की तिच्यात हाडही तयार होऊ लागतं.

गुठळ्या काढून, धुऊन, नळ्या छाटून वजन केलं: ४.१ किलो. घोड्याचं वजन टेपने: छातीचा घेर १८३ सेंमी, अंगाची लांबी १६३ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे साधारण ४६० किलो. हृदय अंगाच्या एक टक्क्याला जरा कमी, थरोब्रेडला शोभेल असंच. (ऑस्ट्रेलियातल्या 'फार लॅप' या शर्यतीच्या घोड्याचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात ठेवलंय, ते ६.२ किलोचं. तुफान त्या जातकुळीतला नव्हता, त्याने शर्यती फारशा जिंकल्याही नाहीत.)

डावं अलिंद उघडल्यावर मात्र बघत राहावं असं होतं. पोकळी फुगलेली, भिंत काही ठिकाणी इतकी पातळ की मागून टॉर्च धरला तर उजेड दिसेल. मायट्रल झडपेच्या कडा जाड, गाठाळ. आणि झडपेच्या वरच्या भिंतीवर, आतून, पाच रुपयांच्या नाण्याएवढा पांढुरका खरबरीत डाग. मी खूश झालो. हाच तो व्रण, असं वाटलं.

खड्ड्याचं काम वेगळंच निघालं. जांभ्याच्या जमिनीत घोड्याएवढा खड्डा कुदळीने होत नाही. जेसीबीचे २,४०० रुपये गेले, चुना वेगळा. पैशांचा अंदाज काढताना हे धरलंच नव्हतं.

१५ जून

ऊती टिकवायला फॉर्मेलिन. ऊतीच्या दहापट लागतं, म्हणजे अख्ख्या हृदयाला ४० लिटर. तेवढं ना परवडत, ना घरात वास सोसवत. दोन्ही अलिंदं पूर्ण ठेवली, निलयांचे फक्त बोटभर जाडीचे पट्टे घेतले, बाकीचं घोड्याबरोबर पुरलं. १० लिटरचं माप: बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १ लिटर, पाणी ९ लिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४० ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६५ ग्रॅम. हे दोन क्षार टाळू नका. बफर नसलेलं फॉर्मेलिन रक्ताबरोबर काळपट तपकिरी कण बनवतं आणि स्लाइडवर ते शिंपडल्यासारखे पसरतात.

अलिंदाची भिंत फॉर्मेलिनमध्ये टाकली की वळते, मग काप आडवे की उभे ते कळत नाही. म्हणून थर्मोकोलवर ताणून टाचण्या लावल्या.

१६ जून

टाचण्यांना गंज चढलाय. प्रत्येक भोकाभोवती तपकिरी कडं. स्टेनलेस म्हणून विकल्या होत्या. सगळ्या काढल्या आणि माडाचे हीर तासून टोचले. हीर गंजत नाहीत, वाकत नाहीत, आणि केरसुणीतून फुकट मिळतात. हा या प्रकल्पातला सगळ्यात बरा शोध असावा.

१९ जून

काप घेतले. आधी फोटो, मग कागदावर हृदयाचा नकाशा, मग प्रत्येक जागेला नंबर. उजव्या अलिंदाची मोकळी भिंत, उजवं ऑरिकल (अलिंदाचा कानासारखा बाहेर आलेला भाग), दोन अलिंदांमधला पडदा, डाव्या अलिंदाची भिंत तीन ठिकाणी, डावं ऑरिकल, तो पांढरा डाग, आणि निलयांतून डावी भिंत, पडदा, पॅपिलरी स्नायू. वरची महाशिरा जिथे उजव्या अलिंदाला मिळते ती खाच, म्हणजे साइनस नोडची (ठोका जिथून सुरू होतो त्याची) जागा, वेगळी बाजूला ठेवली.

तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. कॅसेटवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या जाळीदार डबीवर, पेन्सिलने लिहायचं. बॉलपेनची शाई झायलीनमध्ये पुसली जाते.

२७ जून

सगळं अडलं. म्हापशाच्या एका खासगी लॅबमध्ये संध्याकाळी मशीन मोकळं असतं, तिथल्या ताईंनी हे काम अंगावर घेतलंय. पाणी काढून मेण भरण्यासाठी तुकडे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून झायलीनमध्ये टाकले आणि झायलीन दुधाळ झालं. दुधाळ म्हणजे आत पाणी राहिलं. मेण मग आत शिरत नाही, तुकडा मध्ये मऊ राहतो आणि पात्याखाली चिखल होतो.

कारण शोधायला वेळ गेला. आम्ही आधी वेळेला दोष दिला, मग तुकड्यांच्या जाडीला. होतं असं की शेवटच्या बरणीचं झाकण सैल होतं, आणि जूनमधल्या हवेतलं पाणी ते 'शुद्ध' अल्कोहोल दिवसभर पीत बसलं होतं. उपाय जुनाच आहे: बरणीच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट, वर फिल्टर पेपर. पांढरी पूड निळी पडली की अल्कोहोल बदला. तुकडे मागे नेऊन पुन्हा नव्या अल्कोहोलमध्ये टाकले. बहुतेक वाचले.

आणखी एक. आम्ही आयसोप्रोपिल वापरतो. निव्वळ इथेनॉलला अबकारी परवाना लागतो. कोपऱ्याकोपऱ्यावर फेणी मिळणाऱ्या राज्यात हे सांगताना ताईंना हसू आवरत नाही.

८ जुलै

कापायला बसलो. घोड्याचं निलय फार वेळ अल्कोहोलमध्ये राहिलं की वाळून कडक होतं आणि पात्याखाली त्याला आडव्या भेगा पडतात. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या घोड्यापेक्षा माझं पातं म्हातारं झालं." ब्लॉकचं (मेणात बसवलेल्या तुकड्याचं) तोंड बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवलं की चार-पाच काप नीट येतात, मग पुन्हा बुडवायचं. मेणही बदललं. ५६ अंशांचं मेण इथल्या उकाड्यात बोटाला चिकटतं, ६० ते ६२ अंशांचं घ्या. काप ४ ते ५ मायक्रॉनचे. जाड काप रंगात खोटं बोलतो, सगळंच निळं दिसतं.

लाइट गेली. मेणाची भट्टी थंड झाली, त्या दिवशीचं काम तिथेच संपलं.

१५ जुलै

मॅसन ट्रायक्रोम या रंगवण्याच्या पद्धतीचा पहिला घाणा वाया. स्नायू लाल, कोलॅजेन (व्रणात भरणारे तंतू) निळं यायला हवं. आमचा स्नायू फिकट गुलाबी आला आणि निळं सगळीकडे पसरलं. वर निम्मे काप स्लाइडवरून सुटून पाण्यात तरंगत गेले. किटला साडेसहा हजार पडलेत, त्यामुळे दोघांचाही चेहरा उतरला.

दोन गोष्टी सुधारल्या. फॉर्मेलिनमध्ये मुरलेल्या ऊतीला मॅसनच्या आधी बुआं द्रावणात ५६ अंशांवर एक तास ठेवावंच लागतं. आम्ही ते घाईत खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ठेवलं होतं. एक तासानंतर पिवळेपणा जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवायचं. मग वायगर्टचं हिमॅटॉक्सिलिन, बीब्रिश स्कार्लेट-ॲसिड फुक्सिन, फॉस्फोमॉलिब्डिक-फॉस्फोटंग्स्टिक आम्ल, ॲनिलिन ब्लू, आणि शेवटी एक टक्का ॲसेटिक आम्ल. काप सुटू नयेत म्हणून स्लाइडला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समप्रमाणात, अगदी पुसट, आणि रात्रभर ३७ अंशांवर वाळवण. या हवेत 'रात्रभर' म्हणजे खरंच रात्रभर.

बुआंमध्ये पिक्रिक आम्ल असतं. ते कोरडं पडलं की स्फोटक होतं. बाटलीच्या तोंडावर पिवळी खपली जमू देऊ नका, दर वेळी ओल्या फडक्याने पुसा.

२४ जुलै

चांगल्या स्लाइड आल्या. आधी पांढरा डाग बघितला. वरवरचा, अंतःस्तराचा जाड थर, कोलॅजेन आणि लवचिक तंतू, खाली स्नायू जवळजवळ शाबूत. म्हणजे हा फिब्रिलेशनचा व्रण नव्हताच. गळक्या मायट्रल झडपेतून उलटं उसळणारं रक्त वर्षानुवर्षं त्याच जागी आपटत होतं, त्याचा तो घट्टा. डोळ्यांना सगळ्यात ठळक दिसणारी जागाच प्रश्नाच्या उत्तराला निरुपयोगी. नमुना तिथूनच घेतला असता आणि इतर जागा सोडल्या असत्या तर मी आज भलतीच गोष्ट लिहीत असतो.

बाकीच्या निळ्याचीही छाननी करावी लागली. रक्तवाहिनीभोवतीचं निळं वेष्टन नेहमीचंच. बाहेरच्या आवरणाखालचं निळं, तेही नेहमीचं. अलिंदाच्या स्नायूत घुसलेली चरबी रिकाम्या जाळीसारखी दिसते आणि तिच्या कडांना निळं लागतं, नवखा माणूस तिलाच फायब्रोसिस (स्नायूत कोलॅजेन वाढणं) म्हणतो.

हे सगळं वगळून जे उरलं ते डाव्या अलिंदाच्या भिंतीत होतं. तिथे निळे धागे एकेका स्नायूपेशीच्या मधून गेलेत. शेजारच्या दोन पेशी ज्या अंगाने एकमेकींना खेटून असायच्या तिथे आता पडदा आलाय. विजेची लाट आडवी जाऊ शकत नाही, वळसा घालते, आणि वळसा पुरेसा लांब झाला की मागे फिरून स्वतःलाच भेटते. काही जागी पेशी मेल्या आहेत आणि तिथे निळी बेटं आहेत. पण सलग नाही. एका कापात गच्च, अर्ध्या सेंटिमीटरवर जवळपास स्वच्छ. उजव्या अलिंदात यापेक्षा बरंच कमी.

६ ऑगस्ट

बेळगावच्या मित्राने शब्द पाळला. पायाचं हाड मोडल्यामुळे ज्याला झोपवावं लागलं अशा एका घोड्याच्या अलिंदांचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये आले, माझ्याच नकाशावरच्या त्याच जागांचे. वय १४, ताल शेवटपर्यंत नियमित, मर्मर नाही.

हा तुलनेचा घोडा आधी मिळवायला हवा, नंतर नाही. कारण त्याच्याही डाव्या अलिंदात निळं आहे. कमी, बारीक, विखुरलेलं, पण आहे. जन्मभर ठणठणीत ठोक्यांच्या घोड्यात लहानसहान व्रण सापडतात हे वाचलेलं होतं, तरी आपल्या भिंगाखाली बघितल्यावर हात आखडतो. तो घोडा मिळाला नसता तर त्याच्यात दिसतं तेवढं निळंही मी तुफानच्या रोगाच्या खात्यात टाकलं असतं.

२० ऑगस्ट

मोजमाप. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये कलर डीकन्व्होल्यूशन, म्हणजे फोटोतले रंग वेगळे करणं, त्यात मॅसनचा संच तयार मिळतो. निळ्याचं क्षेत्र भागिले ऊतीचं क्षेत्र. पहिले आकडे इतके वेडेवाकडे आले की एकाच स्लाइडचे दोन दिवसांचे फोटो जुळेनात. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोला आपल्या मनाने पांढरा रंग ठरवत होता, आणि पावसात व्होल्टेज खालीवर झालं की सूक्ष्मदर्शकाचा दिवा पिवळा पडत होता. व्हाइट बॅलन्स हाताने बांधला, दिव्याला स्टॅबिलायझर लावला, दोन्ही घोड्यांच्या स्लाइड एकाच बैठकीत काढल्या. रंगवतानाही दोघांच्या स्लाइड एकाच बरणीत हव्यात. आधीचे फोटो सगळे पुसले.

आता तुफानचं डावं अलिंद स्पष्टपणे वर येतं. आकडा मुद्दाम देत नाही. एका ब्लॉकमधल्या दोन जागांतला फरक दोन घोड्यांमधल्या फरकाइतका आहे, आणि घोडे दोनच. टक्केवारी लिहिली की ती माझ्या हातून सुटून कुठेतरी 'संशोधनानुसार' म्हणून फिरू लागेल.

३ सप्टेंबर

चवथीत लॅब बंद होती. आज तुफानच्या मालकांकडे, बाबांकडे, गेलो. त्यांचा प्रश्न साधा होता: कुंपणाची कण्हेर खाल्ली असेल का? प्रश्न योग्य आहे. कण्हेरीचं विष हृदयाचा स्नायू मारतं. दुसरा संशय मी स्वतःच काढला, कारण त्यांच्या चाऱ्याच्या खोलीत शेजारी कोंबड्यांच्या खाद्याची पोती असतात. कोंबडीला चालणारं मोनेन्सिन घोड्याला जहर आहे. कोंबडीचा प्राणघातक डोस किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम, घोड्याचा २ ते ३. यातून वाचलेल्या घोड्याच्या स्नायूत व्रण राहतात, आणि ते निलयांत शोधायचे. तुफानच्या डाव्या निलयात, पडद्यात, पॅपिलरी स्नायूत तसे व्रण मी घेतलेल्या कापांत नाहीत. चित्र गळक्या झडपेकडे बोट दाखवतं: झडप गळली, अलिंद ताणलं, ताणात फायब्रोसिस वाढला, ताल गेला.

पण शेवटचे दोन दुवे उलटेही असू शकतात. नेदरलँड्समध्ये १९९५ साली शेळ्यांच्या अलिंदांत कृत्रिम फिब्रिलेशन पुन्हा पुन्हा चालू ठेवून दाखवलं होतं की ते जितकं चालतं तितकं टिकाऊ होतं. फिब्रिलेशन स्वतःच अलिंदाला बदलवतं. तुफानला ते किती वर्षं होतं, कोणी ऐकलंच नव्हतं. मेलेल्या हृदयाचा काप आधी काय आणि नंतर काय हे सांगत नाही. बाबांना एवढंच सांगितलं की विषाचा पुरावा दिसला नाही. "मग कण्हेर राहू दे?" "नको बाब, ती काढाच. आणि पोती दुसऱ्या खोलीत."

१२ सप्टेंबर

पिक्रोसिरियस रेड हा कोलॅजेनचा दुसरा रंग केला, ०.१ टक्का, एक तास. मॅसनपेक्षा सोपा, स्वस्त, आणि मोजायला कमी भांडखोर. पुन्हा सुरुवात करायची झाली तर मोजमाप यावरच करीन आणि मॅसन फक्त डोळ्यांसाठी ठेवीन. ध्रुवित प्रकाशात कोलॅजेन उजळून निघतं, त्यासाठी दोन पोलरायझर फिल्टर जुन्या कॅमेऱ्याच्या सामानात मिळाले. एक दिव्यावर, एक आयपीसखाली, फिरवून काळोख केला की झालं.

साइनस नोडचा ब्लॉक राहिलाय. तो ओळीने कापावा लागतो, दर दहावा काप रंगवायचा, आणि नोडमध्ये मुळातच कोलॅजेन भरपूर असल्याने बेळगावच्या घोड्याची तीच खाच हवी. ती पाठवलेल्या बरणीत नव्हती. मित्राला फोन केलाय. नवी पाती मागवलीत, ताईंना दिवाळीनंतर वेळ आहे.